देवीचं मरण ठरलेलं असू द्या, लेकराचं जगणं ठरवू नका

तुम्ही विचारलंत ते थोडक्यात असं. उमरेडकडच्या तुमच्या गावात पाच जणांचा गट डंजन्स अँड ड्रॅगन्स, म्हणजे टेबलाभोवती बसून, पात्रं घेऊन, फासे टाकत कथा पुढे नेण्याचा खेळ, खेळतो. तो चालवता तुम्ही आणि त्यातलं जगही तुम्ही स्वतः रचलंय. त्यात एक वनदेवी आहे. 'तिसरं लेकरू वयात येईल त्या वर्षी देवी मरेल' असं भाकीत आहे, आणि गटातली एक मुलगी नेमकं तेच तिसरं लेकरू म्हणून खेळतेय. दुसरा खेळाडू देवीचा पुजारी आहे. तिसऱ्यानं मध्येच विचारलं, "देवी मरनारच हाये, तं आपन खेळाचं काहाले?" आणि बैठक तिथेच थांबली. देव मरू द्यावा का, त्याच्या लेकरांचं काय करावं आणि भाकीत खोटं पाडायची मुभा द्यावी का, असे तुमचे तीन प्रश्न आहेत.

मी ब्रह्मपुरीच्या बाजूला बरीच वर्षं हा खेळ मराठीतून चालवतो. धानाची मळणी आटोपली की आमच्या बैठका सुरू होतात. देवांच्या मरणाच्या कथा मी पुन्हा पुन्हा खेळवल्या आहेत, त्यामुळे माझं मत स्पष्ट सांगतो. मरण पक्कं ठेवा, त्यात पळवाट ठेवू नका. पण मागे राहिलेल्या लेकरानं पुढे काय व्हायचं, हे तुमच्या खासगी वहीतसुद्धा लिहून ठेवू नका.

'खेळायचं कशाला' असं विचारणाऱ्या त्या खेळाडू पोराचा प्रश्न आधी घेतो, कारण तो सगळ्यात खरा आहे. दिवाळीनंतर मंडया, म्हणजे गावजत्रा, भरू लागल्या की आमच्या पूर्व विदर्भातल्या झाडीपट्टीत रातभर नाटकं चालतात. दंडारीच्या लोकनाट्यात किंवा जुन्या पौराणिक नाटकात अभिमन्यू मरणार हे शाळकरी पोरालाही माहीत असतं. तरी थंडीत चादर गुंडाळून माणसं पहाटेपर्यंत बसतात, कारण सुभद्रा काय बोलेल, उत्तरा काय करेल, हे त्यांना बघायचं असतं. तुमच्या टेबलावर तर सुभद्रा आणि उत्तरा खेळाडूच आहेत. मरणाऱ्या देवीजवळ कोण काय करतं, हाच तुमचा खेळ. त्या पोराला हेच सांगा, आणि लगेच विचारा की देवीच्या मरणानं तुझ्या पात्राचं काय जाणार आहे. त्याच्याकडे उत्तर नसेल, तर त्याचं पात्र या कथेत अजून गुंतलेलंच नाही. देवीवर त्याचं काहीतरी देणं किंवा घेणं ठेवा. देवीनं कधीकाळी त्याच्या बापाला जंगलातून परत पाठवलं होतं, एवढंही पुरतं.

आता लेकरांकडे वळू. यातलं सगळ्यात मोठं आणि शिकण्यासारखं उदाहरण म्हणजे भाल, फरगॉटन रेल्म्समधला खुनाचा देव. हे जग एड ग्रीनवूड यांचं, 1987 पासून ते डंजन्स अँड ड्रॅगन्सच्या पुस्तकांत आलं. तिथे देवांवर मोठी आपत्ती कोसळते. बेन आणि मिर्कुल हे दोन देव नियतीच्या पाट्या चोरतात. सगळ्या देवांच्या वरचा एओ संतापतो आणि हेल्म या एका देवाला पहाऱ्यावर ठेवून बाकी सगळ्यांना मर्त्य देहात खाली ढकलतो. हे त्या जगाचं 1358 वं वर्ष. भालला आपलं मरण आधीच दिसलं होतं. म्हणून तो त्याआधीच भूतलावर फिरून वेगवेगळ्या जातीजमातींच्या पोटी मुलं जन्माला घालून ठेवतो. पुढे बोअरस्किर पुलापाशी सिरिक नावाचा माणूस त्याला मारतो आणि नदीचं पाणी काळं, विषारी होऊन जातं. भालचा हिशेब असा, की लेकरांत वाटून ठेवलेला अंश त्यांच्या मरणातून पुन्हा गोळा होईल आणि आपण परत उठू. बापानं पोरं घातली ती वंशासाठी नव्हे, स्वतःच्या परतीसाठी.

या कथेवर बायोवेअर कंपनीनं 1998 साली बाल्डर्स गेट हा संगणकावरचा गेम काढला. त्यात तुम्ही कँडलकीप या ग्रंथालयाच्या गढीत वाढलेलं अनाथ लेकरू असता, गोरायन नावाच्या वृद्धानं सांभाळलेलं. अलाउंडो या द्रष्ट्याची भाकितं तिथे रोज गायली जातात. त्यातलंच एक असं: खुनाचा देव मरेल, पण मरता मरता मर्त्य संतती सोडून जाईल, आणि ती जिथून जाईल तिथे अनागोंदी पेरत जाईल. नीट बघा. भाकिताचा पहिला अर्धा भाग गेम सुरू होण्याआधीच खरा होऊन गेलाय. त्यात खेळणाऱ्याला करण्यासारखं काहीही नाही. उरतो तो दुसरा अर्धा भाग, आणि 'अनागोंदी' म्हणजे कोणत्या हातानं, कोणाच्या बाजूनं, हे त्यात कुठेच सांगितलेलं नाही. डीएमनं (डंजन मास्टर, म्हणजे खेळ चालवणाऱ्यानं) भाकीत कसं लिहावं याचा याहून चांगला नमुना मला मिळालेला नाही. देवाचं वाक्य बंद आहे आणि लेकराचं उघडं.

त्याच गेमात सारेवोक हा दुसरा भाऊ आहे. रक्त तेच, भाकीतही तेच. तो त्याचा अर्थ असा लावतो की पुरेशी माणसं मेली तर बापाची रिकामी गादी माझी. म्हणून तो लोखंडाची टंचाई घडवून आणतो. नॅशकेलच्या खाणीतलं लोखंड नासवलं जातं, तलवारी हातात मोडू लागतात, दोन राज्यं एकमेकांवर संशय घेऊ लागतात आणि युद्ध दारात येऊन उभं राहतं. मला ही मांडणी फार आवडते. देवाच्या मरणाची गोष्ट आकाशातून खाली येते ती कुदळीच्या, नांगराच्या किमतीत. तुम्हीही सुरुवात तिथूनच करा. तुमच्या खेळाडूंना देवी आजारी असल्याचं कोणी येऊन सांगू नये. मार्च-एप्रिल उजाडतो, मोहाची झाडं उभी असतात, पहाटे टोपल्या घेऊन बाया जातात आणि खाली एकही फूल पडलेलं नसतं. करांडल्याच्या जंगलाजवळ वाढलेल्या तुमच्या गटाला त्या एका वाक्यात सगळं कळेल. नंतर मे महिन्यात तेंदूपत्ता हातात घेतला की चुरा होतो. मग बाजारात मीठ-मिरची उधारीवर मिळेनाशी होते. देवीचं नाव कोणी घेण्याआधी तिचं जाणं असं घराघरांत पोचलं पाहिजे.

भालची पुढची कथा भराभर सांगतो. पुढचे गेम अजून खेळले नसतील तर हा परिच्छेद सोडा. 2000 सालच्या दुसऱ्या भागात आयरेनिकस हा जादूगार नायकाच्या आत्म्यालाच हात घालतो. तो आत्मा निघून गेल्यावर आतली भालची हिंस्र शक्ती अंगावर येऊ लागते. 2001 साली त्याला जोडून आलेल्या, ही कथा संपवणाऱ्या विस्तारात उरलेली बलाढ्य भावंडं एकमेकांना संपवतात. ज्या पुजारणीवर भालनं स्वतःच्या पुनर्जन्माचं काम सोपवलं होतं, ती मेलिसान सगळी शक्ती स्वतःसाठी लाटायला निघते. अखेर खेळणाऱ्यापुढे खराखुरा पर्याय येतो: बापाच्या गादीवर बसून देव व्हायचं, की ते सगळं टाकून माणूस म्हणून जगायचं. तीन गेमभर बांधलेलं भाकीत एका माणसाच्या 'हो' किंवा 'नाही'वर येऊन थांबतं. मग 2013 साली आलेल्या अधिकृत साहसात ठरवलं गेलं, की नायक म्हातारपणी दुसऱ्या भालपुत्राशी लढताना संपतो आणि भाल परत येतो. पुढच्या पुस्तकांना देव हवा होता, हे मी समजू शकतो. पण 'मी माणूस राहीन' म्हणून तो गेम संपवलेल्या हजारो खेळाडूंचा निर्णय त्यानं पुसला, आणि त्याचं मला आजही वाईट वाटतं. तुमच्या टेबलावर असं कधी करू नका. मुलीनं एकदा निर्णय घेतला की पुढच्या प्रत्येक कथेत तो तसाच राहिला पाहिजे. 2023 सालच्या तिसऱ्या बाल्डर्स गेटमध्ये लॅरियन या कंपनीनं ही जखम बरीचशी भरून काढली. त्यात भालच्याच रक्तामांसातून घडलेलं पात्र निवडता येतं आणि बापाला तोंडावर नकारही देता येतो. त्या नकाराची किंमत मोठी आहे, पण तो खेळणाऱ्याचा स्वतःचा असतो.

बेनचं लेकरू वेगळ्या जातकुळीचं. त्याच आपत्तीत टँट्रास शहरापाशी टॉर्म हा देव आणि पाट्या चोरणारा बेन एकमेकांच्या हातून मरतात. बेनचा मुलगा इयाख्तू झ्विम मागे राहतो, बापाच्या उरलेल्या भक्तांवर स्वतःची सत्ता उभी करतो, आणि त्या जगाच्या 1372 व्या वर्षी बेन त्याच्याच देहातून फुटून पुन्हा जन्मतो. झ्विमला कोणी काही विचारलंच नाही. वाचायला ही कथा भयंकर परिणामकारक आहे, पण झ्विम हा खेळाडू असता तर त्यानं वही मिटून घर गाठलं असतं. हाताशी ठेवलेलं भांडं म्हणून लेकरू वापरायचं असेल, तर ते डीएमच्या हातातल्या पात्रांपैकी ठेवा. तुमच्या वनदेवीच्या पहिल्या दोन लेकरांपैकी एकाला ही जागा देता येईल. मग तिसरीला, म्हणजे तुमच्या खेळाडू मुलीला, डोळ्यांसमोर दिसेल की आपलंही असं होऊ शकलं असतं.

बापाला मारणारं लेकरू हा तिसरा प्रकार ग्रीक कथांतून गेमांत आला. क्रोनस पोरं गिळतो, झ्यूस वाचतो आणि बापाला पाडतो. गॉड ऑफ वॉर या गेममध्ये झ्यूसचाच मुलगा क्रेटॉस त्याला मारतो आणि पुढे स्वतःच्या मुलाच्या डोळ्यांत तेच तर दिसणार नाही ना, या धास्तीत जगतो. तुमच्या कथेत आई-मुलीचं वैर नाही, म्हणून यावर थांबत नाही.

भाकीत खोटं पाडायची मुभा द्यावी का? द्या, मनापासून द्या, आणि तो प्रत्येक प्रयत्न खरा माना. याचं उत्तर शिकायला परदेशात जायची गरज नाही, महाभारतातलं मौसलपर्व पुरेसं आहे. आपल्याकडे ते जरा जास्तच जवळचं. रुक्मिणी कौंडिण्यपूरची, वर्धा नदीच्या काठची, म्हणजे कृष्ण आपला जावई आणि प्रद्युम्न विदर्भाचा भाचा. आता घटना बघा. गांधारीनं कृष्णाला शाप देऊन ठेवलाय, छत्तीस वर्षांनी तुझं कुळ आपसांत लढून संपेल. ती वर्षं भरत येतात तेव्हा द्वारकेतली तरुण पोरं कृष्णपुत्र सांबाला बाईचा वेष देऊन ऋषींपुढे नेतात आणि विचारतात, हिला काय होईल? ऋषी म्हणतात, लोखंडाचं मुसळ, आणि त्यानंच तुमचं कुळ बुडेल. मुसळ खरंच जन्माला येतं. राजा घाबरून त्याचं चूर्ण करून समुद्रात टाकतो, नगरात मद्यबंदी करतो. म्हणजे माणसानं करण्यासारखं होतं ते सगळं केलं. पुढे पुराणं सांगतात की ते चूर्ण किनाऱ्यावर लागून एरका गवत उगवलं, आणि उरलेला तुकडा माशाच्या पोटातून जरा नावाच्या व्याधाकडे गेला. प्रभासला भांडण पेटलं, उपटलेल्या गवताची मुसळं झाली, प्रद्युम्नही तिथेच पडला. आणि त्या तुकड्याचा बाण कृष्णाच्या तळपायात शिरला.

डीएम म्हणून मी यातून जे घेतलं ते असं. टाळण्याच्या प्रयत्नानं मरण हटलं नाही, पण त्याचं रूप, जागा आणि हात बदलले. मुसळाचं चूर्ण केलंच नसतं तर गवत नव्हतं आणि बाणही नव्हता. तुमच्या खेळाडूंनी देवीला पलीकडच्या डोंगरात लपवलं, तर ती डोंगरात मरेल, आणि मग मोह डोंगराच्या बाजूला फुलतील, गावाच्या बाजूला नाही. त्यांनी मुलीचं वय लपवायला कुणा जादूगाराकडून काळ गोठवून घेतला, तर तिच्याबरोबर गावातली बाकी पोरंही वाढायची थांबतील. प्रत्येक प्रयत्नाची खूण जगावर राहू द्या. 'भाकीत आहे म्हणून जमत नाही' हे वाक्य डीएमच्या तोंडून कधीही येता कामा नये.

मौसलपर्वाचा शेवटही वापरा, तो बहुतेक लोक विसरतात. कृष्ण गेल्यावर अर्जुन द्वारकेच्या बाया-पोरांना घेऊन निघतो, वाटेत लुटारू येतात आणि गांडीव त्याच्या हाताला साथ देत नाही. अस्त्रं आठवत नाहीत. द्वारका समुद्रात जाते. उरतो तो वज्र, कृष्णाचा पणतू, आणि त्याला इंद्रप्रस्थाच्या गादीवर बसवतात. देव गेल्यावर काय काय चालेनासं होतं आणि कोणतं लेकरू उरतं, हे तिथे सगळं आहे.

तुमचा पुजारी हाच तुमचा अर्जुन. देवी मेल्यानंतरच्या सकाळपासून त्याला नवे मंत्र मिळू नयेत. अंगात उरलेले मात्र राहू द्या, आणि खर्च झाला की तो मंत्र कायमचा गेला. हा नियम पुस्तकात नाही, मी माझ्या टेबलावर लावतो. खेळाडूला त्याची कल्पना आधीच द्या, नाहीतर त्याला फसवल्यासारखं वाटेल. जखम भरणारा शेवटचा मंत्र कोणावर वापरायचा, यावर आमच्याकडे लढाईपेक्षा जास्त वेळ गेलाय. मग काही बैठकांनी, पुजारी सवयीनं संध्याकाळची प्रार्थना म्हणतो तेव्हा टेबलाच्या दुसऱ्या बाजूला बसलेल्या मुलीला चिठ्ठी द्या: 'तुला ही प्रार्थना ऐकू येतेय.' एवढंच लिहा. उत्तर द्यायचं की नाही, आईच्या जागी देवी व्हायचं की माणूस राहायचं, की हे कोणाला सांगायचंच नाही, ते तिचं ती बघेल. भाकिताचा उघडा अर्धा भाग इथून सुरू होतो.

देवीला हिट पॉइंट, म्हणजे शून्यावर आले की पात्र पडतं ते जिवाचे आकडे, देऊ नका. 1980 च्या डेइटीज अँड डेमिगॉड्स या पुस्तकात देवांची आकडेवारी छापली गेली, आणि आकडा दिसला की खेळाडू तो शून्यावर आणायला निघतात, हे तेव्हापासून सगळ्यांनी पाहिलंय. तुम्हाला मरण्याचा प्रसंग हवाय, फासे मोजणारी झुंज नकोय. फासे त्या प्रसंगाभोवतीच्या गोष्टींना ठेवा. पुजारी वेळेवर पोचतो का, पहिलं लेकरू दारात अडवतं का, मुलगी आईचं शेवटचं वाक्य पूर्ण ऐकते का. ते शेवटचं वाक्य आधी लिहून ठेवा, आणि फासा कमी पडला तर अर्धंच ऐकवा.

एक गोष्ट तुम्ही विचारली नाहीत, पण मला सांगितल्याशिवाय राहवत नाही. तुमच्या वनदेवीचं नाव आणि ठाणं तुम्ही गावाच्या मातामायवरून घेतलंय असं वर्णनावरून वाटतं. ते बदला. भालला पूजणारं कोणी नाही, त्याला मारा, उठवा, काहीही करा. मातामायला नवस बोलणारी बाई तुमच्या शेजारी राहते. गोंड समाजाच्या पेनांचं, म्हणजे त्यांच्या देवांचं, तर अधिकच जपा. कचारगडच्या गुहेत कोंडलेल्या लेकरांची आणि त्यांना सोडवणाऱ्या लिंगोची कथा ऐकली की कोणत्याही डीएमचे हात शिवशिवतील, पण माघ पौर्णिमेला हजारो माणसं त्या गुहेकडे पायी चढतात. ती त्यांच्या पूर्वजांची गोष्ट आहे. कथेचा आकार शिका, नावं स्वतःची घडवा. देवीला नवं नाव द्या, तिचं झाड बदला, तिचे नैवेद्य बदला.

भाकिताचे शब्दही थोडे बदला. 'तिसरं लेकरू वयात येईल त्या वर्षी देवी मरेल' यात दोष लेकराच्या वाढण्याला जातो आणि मुलीला वाटत राहतं की आपणच आईला मारतोय. काही गटांत हे चालतं, पण ती मुलगी नवखी असेल तर तिच्यावर हे ओझं टाकू नये. असं करून बघा: 'देवी मरेल तेव्हा तिची तीन लेकरं जिवंत असतील, आणि जंगल एकाचंच ऐकेल.' मरण तसंच पक्कं राहिलं, वेळ मोकळी झाली, आणि तिन्ही भावंडांमध्ये काहीतरी सुरू झालं. कोणाचं ऐकेल ते भाकीत सांगत नाही. तुम्हीही ठरवू नका.

वेळेचं म्हणाल तर देवीला शेवटच्या बैठकीत मारू नका. कथा दहा बैठकांची धरली असेल तर चौथ्या-पाचव्यात मरू द्या, म्हणजे पुजाऱ्याचे मंत्र आटायला, मोह दुसऱ्यांदा न फुलायला आणि मुलीला निर्णय घेऊन तो निभवायला जागा उरेल. बारावीनंतर पोरं नागपूरला शिकायला गेली की गट मोडतो, हे आपल्याकडे दरवर्षीचंच, तेव्हा उन्हाळ्याआधी मरणापर्यंत पोचा. आणि पुढच्या बैठकीआधी त्या मुलीशी एकटीशी बोलून घ्या. तिला एवढंच विचारा, आईकडून तुझ्या पात्राला काय हवंय जे तिनं अजून दिलेलं नाही. ती जे सांगेल ते देवीला देता येणार नाही अशी व्यवस्था करा, आणि देवी गेल्यावर ते जंगलात कुठेतरी तिला स्वतःला शोधू द्या.